हरणाच्या शिकारीचा दिवस : पाथरीचें माळरान व पारध्याचा फास

१

मोगल इतिहासांत हरणाच्या शिकारीचा एक दिवस मोठ्या कौतुकानें नोंदला गेला आहे. इ. स. १५७२ सालीं अकबर बादशहा आजच्या जयपूरजवळील सांगानेरच्या रानांत चित्त्यांकडून हरणें धरवीत होता. एका चित्त्यानें हरणाचा पाठलाग चालविला असतां मध्यें सुमारें पंचवीस गज रुंदीची घळ आडवी आली. हरणानें दीड भाला उंच उडी घेऊन ती ओलांडली. चित्त्यानेंही तशीच झेप टाकून पलीकडे त्यास धरलें. बादशहा इतका प्रसन्न झाला कीं, त्यानें त्या चित्त्यास सर्व चित्त्यांचा सरदार केलें व त्याच्यापुढें नगारा वाजत जावा असा हुकूम दिला. अबुल फजलानें ही हकीकत लिहून ठेविली, दरबारच्या चित्रकारांनीं ती रंगविली, आणि साडेचारशें वर्षें लोटलीं तरी अभ्यासक तिचा उल्लेख करितात.

मात्र तो चित्ता रानांतून जिवंत धरून आणणारा मनुष्य कोण, हें कोणी सांगत नाहीं. ज्या हातांनीं फास मांडला, ज्या डोळ्यांनीं हरणाची वाट ओळखली, त्यांस त्या स्मरणीय दिवसांत वांटा मिळाला नाहीं. शिकारीच्या इतिहासाचें हें सर्वत्र आढळणारें लक्षण आहे. राजाचा दिवस लिहिला जातो. पारध्याचा दिवस मावळतो. पुढें तर अशी वेळ आली कीं, राजाचा तो छंद शौर्य ठरला आणि पारध्याचा तोच धंदा गुन्हा ठरला. हें परिवर्तन कसें घडलें, त्याचा शोध एका लहानशा टापूपुरता, म्हणजे मराठवाड्यांतील पाथरी प्रांतापुरता, घ्यावा असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पाथरीच कां, असा प्रश्न वाचक करतील. त्याचीं कारणें तीन. हा मुलूख काळविटाच्या आवडीच्या मोकळ्या माळाचा होता. शिकारीवरचें मध्ययुगीन दक्षिणेंतील सर्वांत महत्त्वाचें लिखाण ज्या राज्यांत झालें, त्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं हा प्रदेश होता. आणि ज्या राजकुलाच्या नांवांतच शिकारी पक्ष्याचा उल्लेख आहे असें जुने इतिहासकार मानीत, त्या निजामशाहीचें मूळ याच गांवांत आहे.

२

पाथरी हें परभणीच्या पश्चिमेस, गोदावरीच्या उत्तर अंगास वसलेलें जुनें कसब्याचें गांव. भोंवतालचा मुलूख बहुतेक सपाट व काळ्या जमिनीचा. जेथें काळीचा थर पातळ होऊन मुरूम वर येतो, तेथें पूर्वीं नांगर फारसा जात नसे. अशा जागीं पवना, कुसळी, मारवेल असें गवत माजे व गांवचीं गुरें तेथें चरत. त्याच गवतावर काळविटांचे कळप पोसले जात.

येथें एक खुलासा करणें इष्ट आहे. आपण बोलण्यांत सर्वांसच हरीण म्हणतों. परंतु चितळ व सांबर हीं झाडीचीं जनावरें असून त्यांचीं फांटे असलेलीं शिंगें दरसाल गळून पुन्हां येतात. काळवीट व चिंकारा यांची जात वेगळी. त्यांचीं शिंगें जन्मभर टिकतात व त्यांस फांटे नसतात. काळवीट झाडींत लपत नाहीं. शत्रु दुरून दिसावा व पायांच्या जोरावर निसटावें, हाच त्याचा बचाव. म्हणून त्यास उघडें मैदान लागतें. त्याची शिकार करणें म्हणजे त्याच्या नजरेस चकविणें किंवा त्याच्या वेगावर मात करणें. शिकारीच्या साऱ्या युक्त्या या एका गोष्टींतून निघाल्या आहेत.

आपल्या शास्त्रकारांनींही या प्राण्यास मोठें स्थान दिलें आहे. ज्या देशांत कृष्णमृग स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञास योग्य, असें मनु सांगतो. याज्ञवल्क्यही धर्म सांगण्यापूर्वीं कृष्णमृगाच्या देशाचा निर्देश करतो. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही सुप्रसिद्ध टीका विज्ञानेश्वरानें कल्याणी येथें, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत लिहिली, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. तें कल्याणी आज कर्नाटकांतील बसवकल्याण होय. ज्या राजधानींत बसून त्यानें कृष्णमृगाच्या देशाचा अर्थ लावला, तिच्या राज्याच्या माळांवर तो मृग प्रत्यक्ष चरत होता.

३

त्याच विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. ग्रंथांत शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, हा काळ आलेला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादून प्रसिद्ध केल्यापासून महाराष्ट्राच्या अभ्यासकांस तो सुपरिचित आहे; महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओंव्या गातात, हा त्यांतील उल्लेख तर पुष्कळांस ठाऊक असेल. या ग्रंथाच्या विनोदविंशतींत मृगयेचें प्रकरण आहे. पाणवठ्यावर येणाऱ्या मृगाची शिकार, खाऱ्या जमिनीवर येणाऱ्याची शिकार, पाळीव मृगाकडून रानटी मृगास भुलवून आणणें, कुत्र्यांकडून धरविणें, असे नाना प्रकार राजानें वर्णिले आहेत. शिकविलेल्या चित्त्याकडून हरीण धरविण्याचा हिंदुस्थानांतील सर्वांत जुना ठळक लेखी पुरावाही याच ग्रंथांत सांपडतो, असें या विषयाच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे.

हे प्रकरण वाचतांना एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. हरीण कोणत्या वेळीं पाण्यावर येतें, वारा कोणीकडून असावा, पाळीव मृगास कसें शिकवावें, हें ज्ञान सिंहासनावर बसून मिळणारें नव्हे. वर्षानुवर्षें उन्हांत माळ तुडविणाऱ्याचें तें ज्ञान आहे. राजानें तें जमविलें, शास्त्रांत बसविलें, संस्कृत श्लोकांत बांधलें, हा त्याचा गौरव. परंतु त्याचे मूळ गुरु रानांत राहणारे व्याध होते, हें मान्य केलें पाहिजे.

शिकारीकडे पाहण्याची तिसरी दृष्टीही याच गोदावरीच्या खोऱ्यांतून पुढें आली. तेराव्या शतकांतील चक्रधरस्वामींच्या लीळांत, शिकाऱ्यांपुढून पळत आलेल्या सशास स्वामींनीं आश्रय दिल्याची हकीकत आहे. शरण आलेल्यास मारूं द्यावयाचें नाहीं, हा तिचा भाव. म्हणजे राजाचा विनोद, व्याधाची उपजीविका आणि साधूची करुणा, या तिन्ही वृत्ति मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळींच या प्रदेशांत एकमेकींशेजारीं उभ्या होत्या.

४

आतां पाथरीकडे वळूं. फिरिस्त्याच्या इतिहासावरून असें दिसतें कीं, निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण. त्याचें नांव तिमाभट, बापाचें नांव भैरव ऊर्फ बहिरू. घराणें पाथरीच्या कुलकर्ण्यांचें. पूर्वज कांहीं कारणानें विजयनगरच्या मुलखांत गेले होते. तेथें अहमदशहा बहामनीच्या स्वारींत हा मुलगा पकडला गेला, मुसलमान झाला व दरबारीं वाढला. त्यास ‘बहिरी’ हें उपपद मिळालें. त्याची उपपत्ति दोन तऱ्हांनीं सांगतात. बापाच्या ‘बहिरू’ या नांवाचा उच्चार बदलून ‘बहिरी’ झालें, ही एक. ‘बहिरी’ म्हणजे ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी. शाही शिकारखान्यांतील ससाण्यांची व्यवस्था त्याच्याकडे होती म्हणून तें नांव पडलें, ही दुसरी. आमच्या मतें पहिली उपपत्ति अधिक स्वाभाविक आहे. परंतु दुसरीही अर्थपूर्ण आहे. कुलकर्ण्याचा मुलगा दरबारांत वर चढला त्याची खूण शिकारी पक्ष्याच्या नांवांत लोकांनीं पाहिली, यावरून त्या काळीं शिकारखान्याचा मान केवढा होता तें कळतें.

मलिक हसन १४८६ सालीं मारला गेला. त्याचा मुलगा अहमद यानें १४९० सालीं स्वतंत्र सत्ता स्थापिली. अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा यास आपल्या पूर्वजांच्या गांवाची ओढ लागली. पाथरी तेव्हां वऱ्हाडच्या इमादशाहींत होती. दुसरा मुलूख घेऊन पाथरी आम्हांस द्यावी, असें त्यानें मागणें केलें. इमादशहानें तें नाकारिलें व गांवास किल्ला बांधला. तेव्हां १५१८ सालीं बुऱ्हाणानें चढाई करून पाथरी घेतली. पुढें १५२७ च्या सुमारास ती एकदां हातची गेली व पुन्हां आली. या वेळीं बुऱ्हाणानें तेथील किल्ला पाडून टाकिला. गांव त्यानें आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम दिलें व तें अकबराच्या काळापर्यंत त्यांच्याकडे चाललें, असें फिरिस्ता म्हणतो. एका गांवासाठीं दोन सुलतान इतके झुंजले, त्याचें मूळ कुलकर्ण्याच्या घरांत होतें, ही गोष्ट दक्षिणेच्या इतिहासांत अपूर्वच होय.

१५७४ सालीं इमादशाही बुडून सारें वऱ्हाड निजामशाहींत आलें, आणि १५९६ सालीं तें मोगलांस द्यावें लागलें. लगेच १५९७ सालीं पाथरीच्या टापूंत, गोदावरीनजीक आष्टीच्या परिसरांत, खानखानान अब्दुर रहीम व विजापूरचा सेनापति सुहेलखान यांची प्रसिद्ध लढाई झाली व मोगलांचा जय झाला. ‘आईन-इ-अकबरी’च्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत ‘सरकार पाथरी’ हें नांव येतें तें यामुळें. तेव्हां ज्या ग्रंथांत पाथरीच्या महसुलाची नोंद आहे, त्याच ग्रंथांत हरणाच्या शिकारीचें विस्तृत प्रकरण आहे.

५

अबुल फजलानें दिलेलें वर्णन फार बारकाईचें आहे. त्याच्या इंग्रजी भाषांतरांत या जनावरास बिबळ्याचें नांव दिल्यामुळें पुष्कळांचा घोंटाळा होतो. प्रत्यक्षांत तो चित्ताच, लांब पायांचा व सडपातळ अंगाचा. चित्ता हरणावर सोडण्याच्या तीन रीति तो सांगतो. ‘उपरघटी’ म्हणजे हरीण दिसतांच त्याच्या उजव्या बाजूस चित्ता सोडणें. ‘रिघनी’ म्हणजे दुरून हरीण दाखवून चित्त्याचा पट्टा काढणें, मग त्यानें आडोशाआडोशानें सरपटत जाऊन झडप घालणें. ‘मुहारी’ म्हणजे वारा समोरून येईल अशा जागीं चित्त्यास दडवून गाडी उलट दिशेस हांकणें. हरीण गाडीकडे पाहून गोंधळतें, तोंच चित्ता त्यावर पडतो. चित्ता शिकविण्यास पूर्वीं दोन तीन महिने लागत. अकबराच्या देखरेखीखालीं तें काम अठरा दिवसांत होऊं लागलें, असाही त्याचा दावा आहे.

बैलगाडीचा उपयोग येथें मुद्दाम लक्षांत घ्यावा. काळवीट माणसास भितें, घोड्यास बुजतें. परंतु शेतकऱ्याची गाडी रोज माळावरून जाते, तिचें त्यास भय वाटत नाहीं. म्हणून डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडींत बसवून कळपाच्या जवळ न्यावयाचा, मग टोपी काढून त्यास मोकळें करावयाचें. कांहीं शें यार्डांतच निकाल लागे. तेवढ्यांत हरीण सांपडलें नाहीं तर चित्ता दमून खालीं बसे. शेतकऱ्यावर हरणानें ठेवलेला विश्वास हाच शिकाऱ्याचा आडोसा झाला होता.

याच प्रकरणांत हरणाकडून हरीण धरण्याची युक्ति आहे. पाळीव नराच्या शिंगांस जाळें बांधून त्यास रानांतील कळपाकडे सोडीत. रानटी नर त्यास प्रतिस्पर्धी समजून झुंजावयास येई व त्याचीं शिंगें, पाय अथवा कान जाळ्यांत गुंतत. ‘मानसोल्लासां’तील पाळीव मृगाची युक्ति ती हीच. मध्यें साडेचारशें वर्षांचें अंतर, राज्यें निराळीं, भाषा निराळ्या. परंतु युक्ति एक. ही परंपरा ग्रंथांतून ग्रंथांत गेली नाहीं. अबुल फजलानें सोमेश्वर वाचला असें मानण्याचें कारण नाहीं. ती रानांतून रानांत, बापाकडून मुलाकडे गेली. दोन्ही ग्रंथकारांनीं ती एकाच झऱ्यांतून उचलली.

६

तो झरा म्हणजे पारधी. मराठवाड्यांत व आसपास त्यांच्यांत अनेक भेद आढळतात. फासानें जनावर धरणारे ते फासेपारधी, चित्ता बाळगणारे ते चित्तेपारधी, गाईच्या आडोशानें शिकारीजवळ जाणारे ते गायपारधी. त्यांची बोली गुजरातीशीं नातें सांगते. गांवाबाहेर पालें टाकून राहावें, रान बदलावें तसा मुक्काम बदलावा, अशी त्यांची जुनी रीत.

त्यांच्या शिकारीचा दिवस कसा असे, तें त्यांच्या साधनांवरून नीट जाणतां येतें. लांब दोरीस ठराविक अंतरावर तांतीचे फास बांधलेले असत. पहांटे हरणें चरून कोणत्या वाटेनें परततात तें अगोदर पाहून ठेवावयाचें. त्या वाटेवर गवताच्या आड दोरी ताणून तिच्या मेखा जमिनींत ठोकावयाच्या. मग दोघांतिघांनीं दुरून वळसा घेऊन कळपाच्या मागें यावयाचें. येथें घाई चालत नसे. आरडाओरड केल्यास कळप उधळून भलतीकडे जाई व सारा दिवस फुकट जाई. गुरें वळणाऱ्याप्रमाणें सावकाश, आडवें तिडवें चालत, कधीं बसत, कधीं गाईच्या अंगाआड होत, कळपास मंद गतीनें फासाकडे सारावयाचें. पाय अडकतांच हरीण उसळी मारी व धांवत जाऊन त्यास धरावें लागे. मांस घरीं खावयाचें वा विकावयाचें. कातडें व शिंगें बाजारांत जात. बंदूक नाहीं, घोडा नाहीं, नगारा नाहीं. एका दिवसाच्या अशा श्रमांतून एखादें हरीण मिळे, पुष्कळदां तेंही मिळत नसे.

चित्ते धरण्याची त्यांची रीतही तशीच होती. चित्ते कांहीं ठराविक झाडांपाशीं वारंवार येतात व बुंध्यावर नखें घांसतात. असें झाड शोधून भोंवतीं तांतीचे फास मांडीत. पिल्लूं धरून उपयोग नसे, कारण आईजवळ शिकार न शिकलेला चित्ता चांगला धांवत नाहीं. वाढलेलें जनावरच हवें असे. अकबरानें आयुष्यांत नऊ हजार चित्ते जमविले होते, असें जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत लिहितो. आणि बंदिवासांत चित्त्याची वीण होणें हें नवल म्हणून तो नोंदवितो. मग हे नऊ हजार आले कोठून? सर्व रानांतून, फासाच्या टोकाशीं. दरबाराच्या मागणीनें चित्त्याचा वंश कसा खंगत गेला तें या एका आंकड्यावरून उघड होतें. फास पारध्याचा होता. परंतु भूक दरबाराची होती.

७

आतां ही शिकार ज्या जमिनीवर होत असे, ती जमीन कोणाची, हा प्रश्न उरतो. कौटिल्यानें राजाच्या विहारासाठीं एक मृगवन सांगितलें आहे. त्याभोंवतीं खंदक, आंत जाण्यास एकच दार. त्याखेरीज देशाच्या सीमेवर दुसरें मृगवन असावें व तेथील सर्व पशूंस अतिथि मानावें, असेंही तो म्हणतो. त्याचा शब्द ‘सर्वातिथिमृग’ असा आहे. दक्षिणेंतील खेड्यांच्या व्यवस्थेंत हे दोन प्रकार निराळ्या नांवांनीं चालत आले. सरदाराचा रमणा व सरकारी शिकारगाह हे राखीव. गांवचें गायरान सर्वांचें. गायरानावर पाटलाची गाय व महाराची शेळी चरे, वाटसरू उतरे, पारध्याचें पाल पडे आणि काळविटाचा कळपही फिरे. तेथल्या हरणाचा धनी कोणी नव्हता. शेतांत शिरून जोंधळा खाणारें हरीण कोणी धरून नेलें तर कुणब्यास बरेंच वाटे.

निजामाच्या राज्यांत सालारजंगाच्या कारकीर्दींत १८६५ सालीं जिलाबंदी झाली व त्यामागून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनींची मोजणी झाली. प्रत्येक तुकड्यास नंबर पडला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद आगगाडी या भागांतून धांवूं लागली, मानवत व सेलू या पेठांतून कापूस बाहेर जाऊं लागला, आणि जो माळ नांगरण्यायोग्य वाटत नव्हता तोही कापसाखालीं येऊं लागला. गवत आटलें, रान आंखलें गेलें. जंगलांस राखीव नियम लागले.

याच सुमारास पारध्यावर दुसरा घाला पडला. इंग्रजी मुलखांत १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व पुढें त्याची व्याप्ति वाढत गेली. ज्यास जमीन नाहीं, घर नाहीं, जो आज येथें तर उद्यां तेथें, तो जन्मानेंच गुन्हेगार, अशी त्या कायद्याची समजूत. हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून हलावयाचें नाहीं. कित्येकांस सोलापुरासारख्या ठिकाणीं कुंपणाच्या आंत ठेविलें. ज्याचा सारा धंदा हरणाच्या मागें चालण्याचा, त्याचें चालणेंच अपराध ठरलें. त्याच काळीं साहेबलोक व संस्थानिक बंदुका घेऊन तींच हरणें मारीत, शिंगें भिंतीवर टांगीत व त्या दिवसांचीं वर्णनें पुस्तकांत छापीत.

या अंधारांत एक अपवाद कोल्हापूरचा दिसतो, व तो नमूद करणें न्यायाचें होईल. कोल्हापूरचे शाहू छत्रपति स्वतः शिकारीचे मोठे शोकी. त्यांच्या संस्थानांत चित्त्यांकडून काळवीट धरविण्याची प्रथा होती व त्यासाठीं कुशल चित्तेवान पदरीं असत. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर विसाव्या शतकांत तेथें आफ्रिकेंतून चित्ते आणवूं लागले. परंतु याच राजानें फासेपारध्यांस जवळ केलें, त्यांस वस्ती व कामें दिलीं, पहाऱ्यावर नेमिलें. आणि गुन्हेगार मानलेल्या जातींची हजेरी १९१८ सालीं बंद केली. शिकारीचें ज्ञान ज्यांच्यापासून आलें त्यांची ओळख ठेवणारा शिकारी राजा, म्हणून हें उदाहरण लक्षांत राहण्यासारखें आहे.

८

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १९४७ सालीं आजच्या छत्तीसगडांतील कोरिया संस्थानाच्या राजानें तीन चित्ते मारले. हिंदुस्थानांतील चित्त्याची ती शेवटची निश्चित नोंद मानतात, व १९५२ सालीं तो नामशेष झाल्याचें जाहीर झालें. त्याच १९५२ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदाही रद्द झाला. म्हणजे चित्तेपारधी कायद्यानें मोकळा झाला तेव्हां त्याच्या धंद्यांतला चित्ता देशांत उरला नव्हता. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत आजही ‘चिता पारधी’ हें नांव आहे. नामशेष झालेल्या पशूचें नांव एका मानवसमूहाच्या दाखल्यावर राहावें, असा प्रकार विरळाच.

हरणांची स्थितिही बिकट झाली. मोटारगाड्या, झगझगीत दिवे व दूरवर मारा करणाऱ्या बंदुका आल्यावर रात्रींत अनेक काळविटें मारणें सोपें झालें. चित्त्याच्या एका झेपेंत निदान हरणास सुटण्याचा मार्ग होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाच्या शिकारीस कडक बंदी झाली. अहिल्यानगर जिल्ह्यांतील रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटासाठीं अभयारण्य झालें. तिकडे पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यांत आला आणि पाथरीच्या शिवारांत ऊंस उभा राहिला. कित्येक गांवांचीं गायरानें भूमिहीन लोकांनीं पोटासाठीं कसावयास घेतलीं, व १४ एप्रिल १९९० पर्यंतचीं अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचें सरकारनें ठरविलें. भूमिहीनास जमीन मिळावी हें न्याय्यच होतें. पण ज्या माळावर हरीण, गुरें व पारधी हे तिघे एकत्र नांदत, तो माळ त्यामुळें आणखी आंखडला. उरलेलीं हरणें शेतांत येतात. शेतकरी नुकसानीनें त्रासतो. त्यास मारतां येत नाहीं व सोसतांही येत नाहीं.

आणि फासेपारधी? कायद्यानें हरीण वांचविलें तें योग्यच झालें. परंतु ज्याचा धंदा त्या कायद्यानें बंद झाला, त्यास दुसरा धंदा, जमीन व शाळा देण्याचें काम त्याच नेटानें झालें नाहीं. कायद्याच्या पोथींतून गेलेला गुन्हेगाराचा शिक्का लोकांच्या मनांतून गेलेला नाहीं. गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय पालावर जातो.

१७ सप्टेंबर हा मराठवाड्याच्या मुक्तीचा दिवस. १९४८ सालीं याच दिवशीं निजामाचें राज्य संपलें. त्याच तारखेस, २०२२ सालीं, आफ्रिकेंतील नामिबियांतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशांतील कुनो येथें सोडण्यांत आले. हा योगायोगच; पण चित्ता परत आणण्यासाठीं जेवढी कळकळ व द्रव्य खर्च झालें, त्याचा अल्प अंशही चित्त्याची चाल ओळखणाऱ्या लोकांचें ज्ञान टिपून ठेवण्याकडे लागला असता तर इतिहासाचें मोठें काम झालें असतें.

९

वरील विवेचनावरून एवढें निश्चित म्हणतां येईल कीं, चालुक्यांच्या काळापासून मोगलांच्या काळापर्यंत हरणाच्या शिकारीचें जें शास्त्र ग्रंथांत आलें, त्याचा पाया रानांतील पारध्याच्या अनुभवांत होता. राजांनीं तें घेतलें, वाढविलें व आपल्या नांवावर मांडिलें. चित्त्याचा व हरणाचा नाश फासानें झाला असें म्हणणें पुराव्यास धरून नाहीं. दरबाराची मागणी, नांगराखालीं गेलेला माळ व बंदूक, हीं त्याचीं मोठीं कारणें; शिक्षा मात्र सर्वांत अधिक फासवाल्यास झाली.

हा इतिहास पुरा लिहावयाचा तर साधनें दप्तरखान्यांत कमी व माळावर अधिक आहेत. पाथरी, मानवत, सेलू व सोनपेठ या भागांतील वाचकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या गांवच्या शिवारांतील रमणा, कुरण, शिकारगाह, पारध अशा अर्थाचीं स्थळनांवें टिपून ठेवावीं; इनामाच्या कागदांत शिकारखान्याचे, चित्तेवानांचे वा हरणांच्या उपद्रवाचे उल्लेख आढळल्यास त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. त्याहून अगत्याचें काम म्हणजे पारध्यांच्या वस्तींत जाऊन वृद्धांकडून फासाच्या भागांचीं, गवताच्या जातींचीं व हरणांच्या वयोमानाचीं नांवें त्यांच्याच बोलींत उतरून घेणें. ज्यांनीं स्वतः फास मांडला असे लोक आतां फार थोडे राहिले आहेत. त्यांनीं सांगितलेला एकेक दिवस कागदावर आला पाहिजे, व त्याखालीं सांगणाऱ्याचें नांव, त्याच्या संमतीनें, लिहिलें गेलें पाहिजे.